विवाहाची अंगठी व काळी पोत: एक अभ्यास



लग्नसराईचे दिवस आले म्हणजे खेड्यापाड्यांतील सेवकांपुढें जे प्रश्न येतात त्यांत अंगठीचा प्रश्न बहुधा असतोच. सिन्नर तालुका नाशिक-पुणे रस्त्यावर वसलेला आहे. त्याच्या एका बाजूस नाशिक व तेथील शरणपूर. दुसऱ्या बाजूस संगमनेर व त्यापुढें अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर. एका गांवची मुलगी दुसऱ्या गांवीं दिली जाते, आणि मुलीबरोबर तिच्या मंडळीची चालही सासरच्या मंडळींत येते. मग कोणी विचारितो, अंगठीवांचून लग्न पुरें होतें काय? कोणी विचारितो, ख्रिस्ती स्त्रीनें गळ्यांत काळी पोत घातली तर तें मूर्तिपूजेचें चिन्ह होय काय? कोणी कामाच्या वेळीं अंगठी काढून ठेवितो आणि शेजारी कुजबुजूं लागतात. पति निवर्तल्यावर पत्नीनें अंगठी व पोत उतरविलीच पाहिजे काय, असाही प्रश्न येतो.

हे प्रश्न क्षुल्लक आहेत असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. अंगठीपुरतें सोनें जमलें नाहीं म्हणून ठरलेलें लग्न लांबणीवर पडतें. अंगठीसाठीं काढलेलें कर्ज कांद्याचा भाव कोसळला म्हणजे अंगावर येतें. आणि गळ्यांत पोत आहे एवढ्याच कारणावरून दुखावलेली नवी विश्वासी भगिनी मंडळीच्या दारांतून परत फिरते. जेथें मनुष्याचा संसार किंवा त्याचा विश्वास धोक्यांत येतो, तेथें प्रश्न लहान राहत नाहीं. म्हणून आज आपण हा विषय क्रमानें पाहूं: प्रथम शास्त्र, मग इतिहास, मग कायदा, आणि शेवटीं प्रत्येकाची स्वतःची निवड.

१. पवित्र शास्त्रांत काय आढळतें?

शास्त्रांत अंगठ्या पुष्कळ आहेत. परंतु लग्नाची अंगठी एकही नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावी.

फारोनें आपल्या बोटांतील मुद्रिका काढून योसेफाच्या बोटांत घातली (उत्पत्ति ४१:४२). अहश्वेरोश राजानें आपली मुद्रिका हामानास दिली आणि पुढें ती परत घेऊन मर्दखयास दिली (एस्तेर ३:१०, ८:२). उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत बापानें घरीं परतलेल्या मुलाच्या बोटांत अंगठी घालावयास सांगितलें (लूक १५:२२). ह्या तिन्ही ठिकाणीं अंगठीचा अर्थ अधिकार किंवा पुत्रत्वाचा मान असा आहे. पतिपत्नीच्या नात्याशीं तिचा संबंध नाहीं.

कोणी म्हणतील, रिबकेस दागिने दिलेच होते. होय, दिले होते. अब्राहामाच्या सेवकानें तिला अर्धा शेकेल वजनाची सोन्याची नथ आणि दहा शेकेल वजनाच्या दोन बांगड्या दिल्या (उत्पत्ति २४:२२). आपल्याकडील वजनानें ती नथ सुमारें अर्ध्या तोळ्याची व बांगड्या मिळून सुमारें दहा तोळ्यांच्या होतात. परंतु हे दागिने तिनें उंटांस पाणी पाजिलें तेव्हांचे आहेत. लग्नाचें बोलणें तर पुढें व्हावयाचें होतें. लग्नाची खरी गांठ त्याच अध्यायांत पुढें आहे. घरच्या माणसांनीं रिबकेस बोलावून तिला विचारिलें कीं, तूं ह्या मनुष्याबरोबर जातेस काय? आणि तिनें आपल्या तोंडानें होकार दिला (५७, ५८). ज्या काळीं मुलीस विचारण्याची चाल फारशी नव्हती असें आपण समजतों, त्या काळच्या ह्या कथेंत मुलीचा होकार स्पष्ट नोंदिला आहे. सेवकांनीं ही वचनें लग्नापूर्वीं वधूच्या आईबापांस अवश्य वाचून दाखवावीं.

रूथच्या पुस्तकाचा चवथा अध्यायही पाहावा. बवाजानें नगराच्या वेशींत दहा वडिलांस बसविलें आणि त्यांच्या व लोकांच्या साक्षीनें रूथचा पत्नी म्हणून स्वीकार केला. तेथें सोडवणुकीचा हक्क दिल्याची खूण म्हणून वाहाण काढून देण्यांत आली. तो त्या देशाचा तेव्हांचा रिवाज होता. आज आपण कोणी वाहाण काढून देत नाहीं, आणि त्यामुळें आपलें लग्न अपुरें राहत नाहीं. खूण त्या त्या काळाची व देशाची असते. साक्ष, संमति आणि वचन हीं मात्र प्रत्येक काळीं लागतात. मलाखी संदेष्टा पत्नीस कराराची सोबतीण म्हणतो आणि त्या कराराचा साक्षी स्वतः परमेश्वर आहे असें सांगतो (२:१४).

आतां दुसरी बाजू. प्रेषित पौल व पेत्र ह्यांनीं सोनें, मोतीं, केसांचे गोफ व मोलवान् वस्त्रें ह्यांविषयीं स्त्रियांस सावध केलें आहे (१ तीमथ्य २:९, १ पेत्र ३:३, ४). ह्यावरून कांहीं बंधु असा नियम करितात कीं, ख्रिस्ती मनुष्यानें गुंजभरही सोनें अंगावर घालूं नये. त्यांच्या साधेपणाचा आम्ही आदर करितों. परंतु पेत्र त्याच वाक्यांत वस्त्रांचाही उल्लेख करितो, आणि वस्त्रेंच नेसूं नयेत असा त्याचा अर्थ कोणी करीत नाहीं. प्रेषिताचा रोख असा आहे कीं, मनुष्याची शोभा बाहेरच्या थाटांत नसून अंतःकरणाच्या सौम्य व शांत वृत्तींत आहे. म्हणून ह्या वचनांचा बाण अंगठीवर तितका नाहीं, जितका अंगठीच्या दिमाखावर आहे. तीन ग्रॅमची साधी अंगठी घालून मनुष्य नम्र राहूं शकतो; आणि अंगावर कांहींच न घालतां आपल्या साधेपणाचा गर्वही वाहूं शकतो.

२. अंगठी आली कोठून?

लग्नाच्या अंगठीची चाल रोमी लोकांची. वाग्दानाच्या वेळीं वर वधूस अंगठी देत असे. प्लिनी नांवाचा रोमी लेखक पहिल्या शतकांत सांगतो कीं, त्याच्या काळींही ही अंगठी लोखंडाची असे व तिच्यांत खडा नसे. सोन्याची अंगठी पुढें आली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेंतील ख्रिस्ती लेखक तर्तुलियन जुन्या रोमी स्त्रियांची आठवण देतांना म्हणतो कीं, त्यांच्या अंगावर वाग्दानाच्या अंगठीवांचून दुसरें सोनें नसे. म्हणजे ही चाल ख्रिस्ती मंडळीनें निर्माण केली नाहीं. ती भोंवतालच्या समाजांत होती, तींत मूर्तीची पूजा नव्हती, म्हणून मंडळीनें ती राहूं दिली.

अंगठी करंगळीजवळच्या बोटांत, म्हणजे अनामिकेंत, कां घालतात? त्या बोटापासून एक शीर थेट हृदयास जाते असा प्राचीन लोकांचा समज होता. शरीरशास्त्रास अशी कोणतीही वेगळी शीर आढळलेली नाहीं. इंग्रजी प्रार्थनापुस्तकानें डाव्या हाताचें बोट सांगितलें. पूर्वेकडील अनेक प्राचीन मंडळ्यांत उजव्या हाताचें वापरितात. तेव्हां अमुक हात चुकला म्हणून लग्नांत विघ्न येतें असें मानणें ही शुद्ध शकुनांची समजूत आहे. अंगठी खालीं पडली, हरवली किंवा झिजून तुटली तर संसारास धोका आहे असें जें बायाबापडी म्हणतात, त्याचीही तीच गत. आपण मांजर आडवें गेल्याचा शकुन सोडिला. आतां अंगठीचा शकुन नव्यानें धरूं नये.

८६६ सालीं बल्गेरियाचे लोक नुकतेच ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या राजानें रोमच्या पोपास, पहिल्या निकोलसास, पुष्कळ प्रश्न विचारिले. त्यांत लग्नाचाही होता. नव्या विश्वासी लोकांची अडचण सर्वत्र सारखीच असते हें ह्यावरून दिसतें. उत्तरांत पोपानें वाग्दान, अंगठी, देणग्यांचा लेख, आशीर्वाद व मस्तकावरील मुकुट ह्यांचें वर्णन केलें. आणि पुढें असें कळविलें कीं, ह्यांपैकीं सर्व गोष्टी घडून आल्या नाहींत तर तें पाप नव्हे, कारण कित्येकांस दारिद्र्यामुळें त्या करितां येत नाहींत. उभयतांची संमति असली म्हणजे पुरें. हें उत्तर अकराशे वर्षांहून जुनें आहे, आणि सिन्नरच्या मजुरी करणाऱ्या कुटुंबास आजही तितकेंच उपयोगी आहे.

सुधारणेच्या काळीं मतें दुभागलीं. लूथरानें १५२९ सालीं लग्नाचा जो लहानसा विधि लिहिला त्यांत वरवधू एकमेकांस अंगठ्या देतात. इंग्लंडच्या मंडळीनें १५४९ च्या प्रार्थनापुस्तकांत अंगठी ठेविली, पण ती वरानें वधूस द्यावयाची. प्युरिटन लोकांस हें मान्य नव्हतें. शास्त्रांत नसलेलें चिन्ह उपासनेंत नको, असें त्यांचें म्हणणें. १६०३ सालीं त्यांनीं जेम्स राजास जो अर्ज केला त्यांत लग्नांतील अंगठीविषयींही तक्रार आहे. क्वेकर लोकांनीं अंगठी व पुरोहित दोन्ही सोडून, सर्वांसमक्ष परस्परांस वचन देणें व हजर मंडळींनीं दाखल्यावर सह्या करणें एवढाच विधि ठेविला. जॉन वेस्ली स्वतः इंग्लंडच्या मंडळीचा पाळक. तरी १७८४ सालीं अमेरिकेंतील मेथडिस्टांसाठीं त्यानें जें उपासनेचें पुस्तक तयार केलें त्यांतून अंगठी देण्याचा भाग गाळला. पुढें मेथडिस्टांनींच ती पुन्हां स्वीकारिली.

हा वाद आपल्या जिल्ह्यांत कसा आला तेंही पाहण्यासारखें आहे. अहमदनगरास १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचें काम सुरू झालें. तें मिशन काँग्रिगेशनल पंथाचें, म्हणजे प्युरिटनांच्या वंशांतलें. नाशिकास व शरणपुरास चर्च मिशनरी सोसायटीचें काम होतें. तें इंग्लंडच्या मंडळीचें, म्हणजे प्रार्थनापुस्तक वापरणारें. एका बाजूच्या पूर्वजांनीं अंगठीवर आक्षेप घेतलेला, दुसऱ्या बाजूच्या पुस्तकांत अंगठी छापलेली. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास उत्तर भारत मंडळीची स्थापना झाली आणि हे दोन्ही प्रवाह एका मंडळींत मिळाले. तेव्हां 'आमच्याकडे अंगठी असतेच' व 'आमच्याकडे नसे' हीं दोन्ही वाक्यें एकाच मंडपांत ऐकूं आलीं तर त्यांत नवल नाहीं. दोघांच्याही वाडवडिलांनीं प्रामाणिकपणेंच विचार केला होता.

एक गोष्ट आणखी. पुरुषानेंही लग्नाची अंगठी घालावी हा रिवाज इंग्लंड-अमेरिकेंतही सर्वसामान्य झाला तो विसाव्या शतकांत, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. त्यापूर्वीं तेथें खूण बहुधा एकट्या स्त्रीच्याच अंगावर असे.

३. काळी पोत व मंगळसूत्र

आपल्या महाराष्ट्रांत विवाहित स्त्रीची खूण म्हणजे काळे मणी. दोन वाट्या, एक माहेरची व एक सासरची, असा अर्थ लोक सांगतात. पायांत जोडवीं, हातांत हिरवा चुडा, कपाळीं कुंकू. पुष्कळांची समजूत अशी आहे कीं, मंगळसूत्र हा वेदकाळापासून चालत आलेला धर्मविधि आहे. परंतु धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनींच दाखविलें आहे कीं, प्राचीन गृह्यसूत्रांत मंगळसूत्र बांधण्याचा उल्लेख नाहीं. पाणिग्रहण, होम व सप्तपदी हें तेथील लग्नाचें अंग. म्हणजे जशी अंगठी आपल्या शास्त्रांत नाहीं, तसें मंगळसूत्र त्यांच्या जुन्या सूत्रांत नाहीं. दोन्ही रूढीनें आलेल्या खुणा आहेत.

मग ख्रिस्ती स्त्रीनें ती पोत घालावी काय? हा प्रश्न आपल्याच काळीं निघाला असें नाहीं. केरळांतील सुरियानी ख्रिस्ती लोक फार प्राचीन काळापासून लग्नांत 'मिन्नु' बांधतात. तें लहानसें सोन्याचें पदक असून त्यावर बारीक मण्यांचा वधस्तंभ असतो, आणि वरानें दिलेल्या लग्नाच्या वस्त्रांतून काढलेल्या सात धाग्यांच्या दोरींत तें ओवितात. अंगठीही असते व मिन्नुही असतें. गोव्यांतील ख्रिस्ती वधू अंगठीबरोबर रंगीत बांगड्यांचा 'चुडो' भरते. तमिळ देशांत ताळीवरून मोठा वाद झाला. १७०४ सालीं पोपचे वकील तूर्नों ह्यांनीं पुदुच्चेरीस हुकूम काढून, ज्या ताळीवर पिळ्ळैयाराची, म्हणजे गणपतीची, आकृति असे ती ख्रिस्ती स्त्रियांस वर्ज्य केली. तिच्या जागीं वधस्तंभाची किंवा तशी दुसरी खूण चालेल असें ठरविलें. त्यांचे इतर निर्णय कोणास पटोत वा न पटोत, ह्या एका ठिकाणीं त्यांनीं दोरा व देवता ह्यांत फरक केला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हाच फरक प्रेषित पौल करितो. मूर्तीस दाखविलेल्या मांसाविषयीं लिहितांना तो म्हणतो कीं, मूर्ति कांहीं नाहीं. तथापि दुर्बळाच्या मनास ठेंच लागेल असें वागूं नका (१ करिंथ ८). काळा मणी कांचेचा आहे. त्यांत स्वतःचें पुण्य नाहीं आणि पापही नाहीं. परंतु तोच मणी दृष्ट लागूं नये, नवऱ्याचें आयुष्य वाढावें, ह्या भावनेनें घातला तर भरंवसा देवावरून उठून मण्यावर बसला. हीच गोष्ट अंगठीस लागू आहे. बोटांतील अंगठीनें घर राखिलें जातें असें मानणारा मनुष्य आणि गळ्यांतील मण्यानें राखिलें जातें असें मानणारी स्त्री, दोघांची चूक एकच. विलायती चाल आहे म्हणून अंगठीची ती चूक माफ होत नाहीं, आणि देशी चाल आहे म्हणून पोतीस अधिक दोष लागत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे पूर्वज गांवकुसाबाहेर राहत. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या स्त्रियांनीं सोनें घालूं नये, अमुक धातूचेंच घालावें, लुगडें अमुकच रीतीनें नेसावें, अशी सक्ति अनेक गांवीं होती. डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं स्त्रियांस उद्देशून भाषण केलें, तेव्हां गळ्यांतील गळसऱ्या व कोपरापर्यंतचे चांदी-कथिलाचे गोठपाटल्यांचे ढीग टाकून द्या, ती तुमच्या अस्पृश्यतेची ओळख आहे, असा उपदेश केला. दागिना हा मनुष्यास मान देतो तसा बेडीही घालतो, हें आमच्या लोकांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. म्हणून एखाद्या आजीच्या गळ्यांतील दोन सोन्याचे मणी पाहून 'हें टाक' असें म्हणण्यापूर्वीं सेवकानें विचार करावा. तिच्या आईस जें घालण्याची बंदी होती, तें तिनें कष्टाच्या पैशांतून घेतलें असेल. तिच्या मनांत तेथें देवता नसून माणुसकी असूं शकेल.

४. कायदा काय म्हणतो?

ख्रिस्ती विवाहाचा कायदा १८७२ सालचा आहे व तो आजही चालू आहे. त्यांत अंगठीविषयीं एकही कलम नाहीं, पोतीविषयींही नाहीं. कायद्यास ज्या गोष्टी हव्यात त्या अशा: लग्न लावणारा मनुष्य अधिकृत असावा, त्याच्याशिवाय निदान दोन विश्वसनीय साक्षीदार हजर असावे, वराचें वय एकवीस व वधूचें अठरा वर्षांचें पुरें असावें, दोघांपैकीं कोणाचाही पूर्वीचा पति किंवा पत्नी हयात नसावी, आणि लग्न सामान्यतः सकाळीं सहा ते संध्याकाळीं सात ह्या वेळांत लागावें. मग नोंदवहींत नोंद व सह्या.

ही नोंद हाच पत्नीचा खरा दागिना होय. अंगठी गहाण पडते, पोत चोरीस जाते, आणि दोन्ही दुकानांत कोणासही विकत मिळतात. एखाद्या स्त्रीस तिच्या नवऱ्यानें टाकलें आणि 'ही माझी बायको नव्हेच' असें म्हटलें, तर कचेरींत तिच्या बोटाकडे कोणी पाहत नाहीं, दाखला मागतात. पोटगी, वारसा, मुलांचीं नांवें, सर्व त्या कागदावर चालतें. ज्या मंडळींत सोन्यासाठीं महिनाभर बाजार होतो आणि नोंदवहीवर साक्षीदाराची सही राहून जाते, त्या मंडळीनें वधूचें मोठें नुकसान केलें. सेवकांनीं लग्नाच्या दिवशींच नोंद पुरी करावी आणि दाखल्याची नक्कल वधूच्या स्वतःच्या हातीं द्यावी.

खुणेपेक्षां वचन मोठें, हा विचार आपल्या महाराष्ट्रांत दुसऱ्यांनींही आचरून दाखविला आहे. जोतीराव फुले ह्यांनीं सप्टेंबर १८७३ मध्यें पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबर रोजीं त्या पद्धतीचें लग्न लागलें. पुरोहितावांचून, थोड्या खर्चांत, वरवधूंनीं लोकांसमक्ष एकमेकांस शपथपूर्वक वचन द्यावें, ही त्याची रीत. त्या काळीं असें करणें किती धैर्याचें होतें ह्याचा आपल्या तरुणांनीं विचार करावा.

५. प्रत्येकाची निवड

आतां कांहीं रोजच्या गोष्टी.

(अ) खर्च. 'लग्न पाहावें करून' ही म्हण खोटी नाहीं. अंगठी कोणत्या धातूची असावी असा मंडळीचा नियम नाहीं. चांदीची चालते, आणि मुळींच नसली तरी चालते. ज्यांस सोन्याचीच घ्यावयाची असेल त्यांनीं शिक्का पाहून घ्यावी. २०२१ पासून सरकारनें सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा करण्यास आरंभ केला आहे. दागिन्यावर मानक संस्थेची खूण, शुद्धतेचा आंकडा (बावीस कॅरटास ९१६) आणि सहा अक्षरअंकांचा क्रमांक, अशा तीन गोष्टी असतात. पावती मागून घ्यावी, आणि घडणावळ वेगळी मांडली आहे कीं नाहीं तें पाहावें. कर्ज काढून मात्र अंगठी घेऊं नये. ज्या वचनाची ती खूण, त्या वचनाच्या पहिल्याच वर्षीं तिनें घरांत भांडण आणावें हें बरें नव्हे. आणि वधूच्या बापानें जांवयास अमुक ग्रॅमची अंगठी दिलीच पाहिजे असा हट्ट धरणें म्हणजे हुंडा मागणें होय. त्यास १९६१ च्या कायद्यानें बंदी आहे आणि ख्रिस्ती मनासही ती असावी.

(आ) काम. मुसळगांव व माळेगांव येथील कारखान्यांत आपले पुष्कळ तरुण यंत्रांवर काम करितात. फिरत्या यंत्रांत अंगठी अडकली म्हणजे बोटाचें कातडें सोलून निघतें, प्रसंगीं बोटच जातें. विजेच्या कामावर धातूची अंगठी तितकीच घातक. अशा कामावर असतांना अंगठी काढून ठेवणें हें शहाणपण आहे. त्यांत पत्नीविषयीं अप्रीति पाहणारा मनुष्य स्वतःच्या मनांतील मळ दाखवितो. शेतांत राबून किंवा गरोदरपणीं बोटें सुजतात व अंगठी रुतते. तेव्हां हात थोडा वेळ उंच धरून, साबणाचें पाणी किंवा तेल लावून ती हळू काढावी. बोट काळेंनिळें पडूं लागलें तर वेळ न दवडतां दवाखान्यांत जाऊन अंगठी कापून घ्यावी. कापलेली अंगठी सोनार जोडून देतो.

(इ) पतीनें काय घालावें? जर खूण ठेवावयाचीच, तर ती एकट्या स्त्रीवर कां? पौल सांगतो कीं, पत्नीचें शरीर जसें पतीचें तसेंच पतीचें शरीर पत्नीचें आहे (१ करिंथ ७:४). पत्नीच्या गळ्याकडे बोट दाखवून 'पोत कोठें आहे' असें दरडावणाऱ्या पतीनें प्रथम आपला हात पाहावा. आमचें मत असें आहे कीं, घ्यावयाच्या तर दोघांनींही सारख्या, साध्या अंगठ्या घ्याव्या. नाहींतर दोघांनींही न घेतां वचन पाळावें. तथापि हें आमचें मत आहे, प्रभूची आज्ञा नव्हे.

(ई) विधवा. हा भाग आम्ही मुद्दाम शेवटीं ठेविला आहे. पति निवर्तल्यावर, प्रेत अजून घरांत असतांना, शेजारच्या बायकांनीं पत्नीच्या बांगड्या फोडाव्या, पोत तोडावी, जोडवीं ओढून काढावीं, हा प्रकार आपल्या कांहीं ख्रिस्ती घरांतही घडतो. गोव्यांतही विधवेचा चुडो पतीच्या शवपेटीवर फोडण्याची चाल ख्रिस्ती लोकांत होती. ही चाल कोठून आली तें सांगावयास नको. विवाहाचें बंधन मृत्यूनें सुटतें असें पौल म्हणतो (रोम ७:२). परंतु प्रीतीची आठवण ओरबाडून घ्यावी असें तो कोठेंही म्हणत नाहीं. उलट विधवांचा मान राखावा असें तो तीमथ्यास लिहितो (१ तीमथ्य ५:३). मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामपंचायतीनें बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र तोडणें व जोडवीं काढणें ह्या विधवेसंबंधींच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें इतर ग्रामपंचायतींस तसें करण्यास सुचविलें. ज्या सुधारणेंत मंडळीनें पुढें असावयाचें ती एका गांवच्या पंचायतीनें करून दाखविली. आतां निदान मागें तरी राहूं नये. अंगठी ठेवावी, काढावी, मुलीस द्यावी, कीं पुढें पुन्हां लग्न करावें, हें त्या भगिनीनें, तिच्या सवडीनें, प्रार्थनापूर्वक ठरवावें. मयताच्या घरीं सेवकानें वेळेवर जाऊन दारांतच ही गोष्ट स्पष्ट सांगावी. दुसऱ्या दिवशीं सांगून उपयोग नाहीं.

६. सेवकांस चार सूचना

पहिली: जेथें शास्त्रानें आज्ञा दिली नाहीं तेथें सेवकानें आज्ञा करूं नये. अंगठी किंवा पोत ह्यांवरून कोणास बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन नाकारूं नये.

दुसरी: खुणेचा अर्थ विचारावा. 'हें कां घालतेस?' असें प्रेमानें विचारिलें असतां उत्तरावरून उपदेशाची वाट सांपडते. भीतीमुळें घातलें असेल तर भीति काढावी. मणी आपोआप प्रश्न राहणार नाहीं.

तिसरी: गरिबाच्या लग्नांत अंगठी नसेल तर विधींत तो भाग गाजावाजा न करितां गाळावा. वरवधूंनीं हातांत हात धरून वचन द्यावें. 'अंगठी कोठें आहे?' असा प्रश्न भर मंडळींत विचारून कोणाच्या बापास खालीं मान घालावयास लावूं नये.

चवथी: लग्नापूर्वीं दोन वेळां तरी वरवधूंस बोलावून, मुलीस वेगळें बसवून, तिचा होकार तिच्याच तोंडून ऐकावा. रिबकेचा अध्याय त्या वेळीं वाचावा.

रोमकरांस पत्राच्या चवदाव्या अध्यायांत पौल दिवस पाळणारे व न पाळणारे, खाणारे व न खाणारे, अशा दोघांसही एकाच प्रभूचे दास म्हणतो, आणि प्रत्येकानें आपल्या मनाची पुरी खातरी करून घ्यावी असें सांगतो. अंगठी घालणाऱ्यानें न घालणाऱ्यास हलकें समजूं नये, आणि न घालणाऱ्यानें घालणाऱ्यावर दोष ठेवूं नये. ज्या हातानें लग्नाचें वचन दिलें तो हात आजाऱ्यास पाणी देतो काय, दारूच्या पेल्यापासून दूर राहतो काय, पत्नीवर कधीं उगारला जातो काय, हें देव पाहतो. आणि तें पाहण्यास त्याला अंगठीची गरज पडत नाहीं.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

(१) रिबका, रूथ व उधळा पुत्र ह्यांच्या कथांत दिलेल्या वस्तूंचा अर्थ काय होता? त्यांपैकीं कोणती गोष्ट आज आपल्यास लागू आहे?

(२) बल्गेरियाच्या नव्या ख्रिस्ती लोकांस मिळालेल्या उत्तरांत गरिबांविषयीं काय म्हटलें होतें? आपल्या मंडळींत तसें वर्तन होतें काय?

(३) आपल्या मंडळींतील किती विवाहित स्त्रियांपाशीं लग्नाचा दाखला आहे? ज्यांपाशीं नाहीं त्यांना तो मिळवून देण्याचें काम कोण अंगावर घेईल?

(४) पुढील वेळीं एखाद्या भगिनीचा पति निवर्तला तर तिच्या दारीं प्रथम कोण जाईल, आणि काय सांगेल? नांव आजच ठरवावें.